मोटारीच्या काचेची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि जुन्या दप्तरांतील कागद आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. तें योग्यच आहे. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास ज्या वस्तूंनीं घडविला, त्या वस्तूही आतां साधनांच्या पंक्तीला येऊन बसल्या आहेत. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे दमणी जाऊन मोटार आली, आणि त्या पहिल्या मोटारीही आतां संग्रहालयांत जाऊन बसल्या. अशा जुन्या मोटारीच्या एका लहानशा भागाविषयीं आज मी बोलणार आहें. तो भाग म्हणजे हांकणाऱ्याच्या तोंडासमोरची काच. ती काच सुरक्षित जातीची आहे कीं घराच्या तावदानासारखी साधी आहे, हें कसें ओळखावें, आणि तें ओळखण्यासाठीं काचेचा कोणता इतिहास ठाऊक असावा लागतो, एवढाच माझा विषय आहे.

विषय लहान आहे, पण क्षुल्लक नाहीं. नाणें खोटें निघालें तर संग्राहकाचे पैसे जातात. काच खोटी निघाली तर माणसाचे डोळे जातात.

प्रथम काच फुटते कशी, तें पाहूं. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र वितळवून जी साधी काच होते, ती हळूहळू थंड केलेली असते. तिला धक्का बसला म्हणजे तडा एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे धांवतो आणि लांबट, सुऱ्यासारखे धारदार तुकडे पडतात. ही झाली पहिली जात. दुसरी जात थरांच्या काचेची. तींत काचेचे दोन तक्ते असतात आणि त्यांच्या मध्यें चिवट, पारदर्शक पदार्थाचा एक पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. ही काच फुटते, पण तुकडे जागचे हलत नाहींत. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते आणि काच चौकटींत तशीच लोंबकळत राहते. तिसरी जात कडक केलेल्या काचेची. ही एकसंध असते, पण फुटली कीं एका क्षणांत तिचे हजारों बारीक, बोथट दाणे होतात. जणूं खडीसाखर सांडली. दुसरी आणि तिसरी या दोन जातींना मिळून आपण सुरक्षित काच म्हणतों. पहिली जात मात्र मोटारींत बसविण्याच्या योग्यतेची नव्हे. तरीही मोटारींच्या आरंभींच्या काळांत तीच बसविली जात असे.

मुळांत पहिल्या मोटारींना समोर काचच नव्हती. वेग बैलगाडीच्या दुप्पट-तिप्पट, तेव्हां वाऱ्याची बाधा ती किती होणार! हांकणारा डोळ्यांना मोठा चष्मा लावी, डोक्यावरून टोपी ओढून घेई आणि धूळ खात पुढें जाई. मुंबईंत १८९८ सालीं मोटारी उतरल्या, त्या याच पिढींतल्या. वेग वाढला, तेव्हां धूळ, किडे आणि खडे यांपासून तोंड वांचविण्यासाठीं समोर एक उभें तावदान आलें. तें सपाट असे, पितळेच्या चौकटींत बसविलेलें असे, आणि बहुधा मधोमध बिजागरीवर दुमडतां येई. येथपर्यंत सारें ठीक होतें. पण ज्या काचेनें खडे अडविले, तीच काच अपघातांत स्वतः सुरी बनूं लागली. गाडी कशावर आदळली कीं बसणारा पुढें फेंकला जाई आणि त्याचें डोकें काचेंतून आरपार जाई. संरक्षणासाठीं लावलेली वस्तु हेंच मोठें संकट होऊन बसलें.

या संकटावरचा उपाय एका अकल्पित प्रसंगांतून निघाला. एदुआर बेनेदिक्तुस नांवाचे एक फ्रेंच गृहस्थ होते. ते रसायनज्ञ होते आणि चित्रकारही होते. १९०३ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंतील उंच फळीवरून काचेचा एक चंबू जमिनीवर पडला. चंबू फुटला, पण आश्चर्य असें कीं त्याचे तुकडे विखुरले नाहींत. त्याचा आकार जसाच्या तसा राहिला. तपास करतां असें दिसून आलें कीं, त्या चंबूंत पूर्वीं सेल्युलोज नायट्रेटचें द्रावण ठेवलेलें होतें. द्रावण उडून गेलें आणि आंतल्या अंगाला एक अदृश्य पापुद्रा उरला. त्या पापुद्र्यानेंच तुकडे धरून ठेवले होते. पुढें मोटारींच्या अपघातांत काचेनें जखमी झालेल्या लोकांच्या बातम्या वाचून त्यांना या चंबूची आठवण झाली, असें सांगतात. १९०९ सालीं त्यांनीं दोन काचांमध्यें असा पापुद्रा घालण्याचें पेटंट घेतलें. काच, पापुद्रा आणि पुन्हां काच असे तीन थर, म्हणून तिचें नांव ट्रिप्लेक्स पडलें. बेनेदिक्तुस यांच्याही आधीं, १९०५ सालीं, इंग्लंडांत जॉन वुड यांनीं कॅनडा बाल्सम नांवाच्या राळेनें दोन काचा जोडण्याचें पेटंट घेतलेलें होतें. पण तें व्यापारांत फारसें टिकलें नाहीं. १९१२ सालीं इंग्लंडांत ट्रिप्लेक्स कंपनी निघाली.

नवी वस्तु निघाली म्हणजे ती लगेच सर्वांच्या घरीं जाते असें नाहीं. ही काच महाग होती आणि मोटारींच्या कारखानदारांना तिची निकड वाटत नव्हती. तिला पहिलें मोठें गिऱ्हाईक मिळालें तें पहिल्या महायुद्धांत. विषारी वायूपासून वांचविणाऱ्या मुखवट्यांना डोळ्यांच्या जागीं फुटून न विखुरणारी काच हवी होती. ती या तीन थरांच्या काचेनें पुरविली. युद्ध संपल्यावर ती हळूहळू मोटारींकडे वळली. १९२६ सालीं अमेरिकेंतील स्टुट्झ कंपनीनें आपल्या गाडीच्या काचेंत आडव्या तारा घालून पाहिल्या. परंतु खरा पालट झाला तो १९२७ च्या डिसेंबरांत. त्या महिन्यांत फोर्डनें मॉडेल ए ही गाडी बाजारांत आणली आणि तिच्या समोर थरांची काच जादा किंमतीशिवाय दिली. श्रीमंतांची चैन होती ती अशा रीतीनें सामान्यांच्या गाडीचा भाग झाली. इंग्लंडांत १९३२ च्या आरंभापासून नव्या मोटारींच्या समोरच्या काचा सुरक्षित जातीच्याच असाव्यात असा नियम झाला, आणि अमेरिकेंतील अनेक घटक राज्यांनींही त्याच दशकांत तसे कायदे केले. तेव्हां जुन्या मोटारीकडे पाहतांना १९२७ ते १९३२ हा काळ सीमारेषेसारखा लक्षांत ठेवावा. त्याच्या अलीकडची गाडी असेल तर मूळची काच सुरक्षित असण्याचा संभव मोठा; पलीकडची असेल तर तो फार थोडा.

आतां त्या पापुद्र्याविषयीं दोन शब्द, कारण ओळख पटविण्याच्या कामीं त्याचाच सर्वांत उपयोग होतो. सेल्युलोज नायट्रेटला ऊन सोसत नाहीं. कांहीं वर्षांत तें पिवळें पडतें, मग तपकिरी होतें. कडेनें ओल शिरली तर थर सुटूं लागतात, बुडबुडे येतात, कोपरे दुधाळ दिसूं लागतात. म्हणून आरंभींचे कारखानदार काचेच्या कडा डांबरासारख्या पदार्थानें बंद करीत. १९३० नंतरच्या दशकांत सेल्युलोज अॅसिटेट आलें. तें उन्हाला अधिक टिकाऊ होतें, पण थंडींत ठिसूळ होई. अखेर १९४० च्या सुमारास पॉलिव्हिनिल ब्युटिरल नांवाचा पदार्थ आला. तो रबरासारखा ताणला जातो, पिवळा पडत नाहीं, आणि आजही मोटारींच्या समोरच्या काचांत तोच वापरला जातो. यावरून एक निष्कर्ष निघतो. जुन्या मोटारीच्या काचेच्या कडा पिवळ्या पडल्या असतील तर ती थरांची काच आहे याबद्दल शंका नको, आणि ती बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वींची आहे असेंही समजावें. परंतु याचें उलट विधान खरें नव्हे. पिवळेपणा दिसला नाहीं म्हणजे काच साधीच, असें म्हणतां येत नाहीं.

येथें आमच्या भंडारा जिल्ह्याशीं संबंध असलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. वाळूंत लोहाचा अंश असतो आणि त्यामुळें काचेला हिरवट झांक येते. ती झांक घालविण्यासाठीं काचकार फार प्राचीन काळापासून थोडें मँगॅनीज डायऑक्साइड घालीत आले. त्याला काचेचा साबण असेंच म्हणत. आमच्या तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्गच्या खाणींत याच जातीचें खनिज निघतें. तें विजेच्या कोरड्या बॅटऱ्यांच्या कामीं येतें. या साबणाचा एक दोष असा कीं, अशी काच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली तर जांभळी होते. अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या बीकन हिल भागांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचीं अशीं जांभळीं तावदानें आजही लोक कौतुकानें दाखवितात. सांगण्याचा हेतु हा कीं, रंग पाहून निर्णय देणाऱ्यानें जांभळा आणि पिवळा यांत घोटाळा करूं नये. जांभळा रंग काचेच्या अंगाचा असतो, तर पिवळा रंग मधल्या पापुद्र्याचा.

तिसऱ्या जातीचा, म्हणजे कडक काचेचा इतिहास याहूनही जुना आहे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यांत टाकला तर शेंपटी असलेलें एक टपोरें मणीदार रूप तयार होतें. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तें सहसा फुटत नाहीं, पण शेंपटीचें टोंक मोडलें कीं साऱ्याचा भुगा होतो. यांना प्रिन्स रूपर्टचे थेंब म्हणतात. १६६१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें या थेंबांची परीक्षा केली. इकडे त्या सुमारास शाहिस्तेखान पुण्यांत तळ देऊन बसला होता; यावरून काळाची कल्पना यावी. या थेंबाचें मर्म असें कीं, बाहेरचा भाग आधीं गोठतो आणि आंतला मागून आकसतो. त्यामुळें पृष्ठभाग सर्व बाजूंनीं दाबला जातो आणि अंतर्भागांत ताण राहतो. दाबलेल्या पृष्ठभागाला तडा सहजीं जात नाहीं. पण एकदां तो गेला कीं आंतला ताण मोकळा होऊन सर्वच्या सर्व काचेचा चुरा करतो. १८७४ सालीं दे ला बास्ती या फ्रेंच गृहस्थानें तापलेली काच तेलांत बुडवून कडक करण्याची रीत काढली. विसाव्या शतकांत तेलाऐवजीं थंड हवेचे झोत आले. अशी काच प्रथम मोटारींच्या बाजूंना व मागें, आणि युरोपांत पुष्कळ वेळां समोरही बसूं लागली. ती एकदां कडक झाली कीं कापतां येत नाहीं. कापूं गेल्यास तिचा भुगा होतो. ही गोष्ट ध्यानांत असूं द्या. ती पुढें कामास येईल.

आपल्या महाराष्ट्रांत काचेचा धंदा नव्हता असें नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशांत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथें अनेक तरुण तयार केले. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं औंध संस्थानच्या आश्रयानें कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रांत खेडोपाडीं पोंचला. परंतु हे कारखाने चिमण्या, बाटल्या, कंदिलांच्या काचा यांसाठीं नांवाजले. मोटारीची काच मोटारीबरोबरच येई. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, पुढें वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें १९४७ पासून कुर्ल्यास गाड्या जुळविल्या. पण आरंभीं त्यांचे भाग पेट्यांत भरून समुद्रापलीकडून येत.

याचा परिणाम काय झाला, तें पाहण्यासारखें आहे. गाडी मुंबईहून नागपुरास आणि नागपुराहून आमच्याकडे आली. शहापूर हें भंडारा-नागपूर रस्त्यावरचें गांव. नागपुराहून रायपुराकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड तो हाच. या मार्गानें मालगुजारांच्या मोटारी धुरळा उडवीत जात असत, असें आमच्या वडील पिढीकडून ऐकलें आहे. आतां अशा मोटारीची समोरची काच एखाद्या खड्यानें फुटली, तर काय करावें? मूळची काच मागवायची तर महिने लागणार. जवळ असे तो घरांच्या खिडक्यांना काचा बसविणारा काचवाला. तो माप घेई, हिऱ्यानें जाड काच कापी आणि चौकटींत लांबी भरून बसवून देई. काच स्वच्छ दिसे, गाडी चालूं लागे, मालक संतुष्ट होई. काचवाल्यानें कांहीं लबाडी केली असें नव्हे; त्याच्यापाशीं जी काच होती ती त्यानें दिली. पण त्या दिवसापासून गाडीची साल एक आणि काचेची साल दुसरी झाली. म्हणून गाडीच्या वयावरून काचेची जात ठरविणें हें देवळाच्या वयावरून त्यांतल्या घंटेचें वय ठरविण्यासारखें आहे.

हें नुसतें तर्काचें बोलणें नव्हे, याचा एक अनुभव सांगतों. आमच्या भागांतील एका जुन्या मालगुजारी घराण्यांत १९३० नंतरच्या दशकांतील एक अमेरिकन मोटार आहे. मालगुजारी १९५१ सालीं गेली, पण मोटार गोठ्याशेजारच्या छपराखालीं राहिली. त्या घरांतला माझा एक जुना विद्यार्थी तिची डागडुजी करीत होता. घरांत पुतण्याचें लग्न ठरलें होतें आणि वरात याच गाडींतून काढावी, पुढच्या बैठकीवर घरांतलीं दोन मुलें बसवावींत, असा बेत होता. तो मला म्हणाला, “गुरुजी, बाजूच्या काचा पार पिवळ्या पडल्या आहेत, त्या बदलाव्या म्हणतों. समोरची मात्र नव्यासारखी आहे, ती राहूं देतों.” मीं म्हटलें, “बाबा, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचे सगळे दांत पडले असून एकच दांत पांढराशुभ्र दिसला, तर तो कोणता समजायचा?” तो हंसला, पण मुद्दा त्याच्या ध्यानांत आला. आम्हीं दोघांनीं मिळून काच तपासली, ती कशी तें क्रमानें सांगतों, म्हणजे आपणांसही तसें करतां येईल.

पहिली पायरी खुणेची. सुरक्षित काच करणारे कारखाने काचेच्या एका कोपऱ्यांत आपली बारीक मुद्रा उमटवितात. जुन्या इंग्रजी गाड्यांवर ट्रिप्लेक्सचें नांव आढळतें; पुढील काळांतील अमेरिकन काचांवर ए-एस-एक अशी खूण समोरच्या काचेसाठीं असते. ओल्या फडक्यानें चारही कोपरे पुसावे आणि तिरप्या उजेडांत पाहावे, कारण चौकटीच्या खालीं मुद्रा झांकलेली असूं शकते. मुद्रा सांपडली तर निम्मा वाद मिटला. न सांपडली तर काच साधी असल्याचा संशय बळावतो, पण तो सिद्ध होत नाहीं. आम्हांला बाजूच्या काचेवर मुद्रा सांपडली. समोर सांपडली नाहीं.

दुसरी पायरी कडेची. बाजूची काच खालीं उतरविली कीं तिची वरची कड उघडी पडते. तिच्याकडे भिंगांतून पाहावें. दोन काचांच्या मध्यें केसासारखी एक रेषा दिसली तर ती थरांची काच. आमच्या बाजूच्या काचेंत अशी रेषा स्पष्ट होती आणि तिच्या दोन्ही अंगांस पिवळट पट्टा होता. समोरच्या काचेची कड चौकटींत दडलेली असते. तेव्हां मिस्त्रीकडून वरची पट्टी सोडवून घ्यावी लागते. पट्टी सोडवितांना हातांत जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. आम्हीं पट्टी काढली. समोरच्या काचेची कड एकसंध होती, मध्यें रेषा नव्हती. म्हणजे ती थरांची नव्हे, एवढें ठरलें. राहिला प्रश्न, ती कडक कीं साधी?

तिसरी पायरी प्रकाशाची. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनीं दाखवून दिलें कीं, ताणलेल्या काचेंतून ध्रुवीभूत प्रकाश गेला म्हणजे त्या ताणाची नक्षी डोळ्यांना दिसते. आपल्याला त्यासाठीं मोठें यंत्र नको. सूर्य मावळतीला आला असतां डोक्यावरच्या निळ्या आकाशाचा प्रकाश बराचसा ध्रुवीभूत असतो, आणि बाजारांत मिळणारा पोलराइड गॉगल तो गाळून घेतो. असा गॉगल लावून काचेकडे तिरपें पाहावें, डोकें थोडें इकडे-तिकडे कलवावें. कडक काच असेल तर तिच्यावर काळसर ठिपके किंवा पट्टे दिसतात. ते थंड हवेच्या झोतांचे ठसे होत. आजच्या कोणत्याही गाडीच्या मागच्या काचेवर हा प्रयोग आधीं करून डोळ्यांना ओळख करून द्यावी. आमच्या समोरच्या काचेवर ठिपका नाहीं, पट्टा नाहीं, कांहीं नाहीं. थर नाहींत आणि ताणही नाहीं. तेव्हां ती साधी काच, हा निर्णय अटळ झाला.

याशिवाय दोन युक्त्या लोक सांगतात, त्यांचें मोल तेवढ्यापुरतेंच जाणावें. बोटाच्या पेरानें टिचकी मारली असतां साधी किंवा कडक काच खणखणते आणि थरांची काच बद्द वाजते, हें खरें. पण रबरी पट्टींत घट्ट बसलेली कोणतीही काच बद्दच वाजते. दुसरी युक्ति ज्योतीच्या प्रतिबिंबांची. थरांच्या काचेंत चार प्रतिबिंबें दिसावींत असें वाटतें, पण काच आणि मधला पापुद्रा हे प्रकाशाला जवळजवळ सारखेंच वळवितात, त्यामुळें मधल्या पृष्ठांवरून परत येणारा प्रकाश अत्यंत मंद असतो आणि डोळ्यांना दोनच प्रतिबिंबें दिसतात. आणखी एक सूचना आग्रहानें करतों. काच कोपऱ्यांत खरवडून, कापून किंवा ठोकून कधींही परीक्षा करूं नये. कडक काच असेल तर परीक्षाही संपेल आणि काचही संपेल.

माझ्या विद्यार्थ्यानें ती नव्यासारखी दिसणारी काच काढून टाकली आणि तिच्या मापाची थरांची काच बसविली. जुन्या गाड्यांची समोरची काच बहुधा सपाट असते, त्यामुळें थरांची सपाट काच त्या आकारांत कापून मिळते. कडक काच मात्र आधीं कापून मगच भट्टींत घालावी लागते. बाजूच्या पिवळ्या काचांचेंही मीं त्याला सांगितलें कीं, त्या थरांच्या आहेत म्हणून निर्धास्त राहूं नको. जो पापुद्रा सुटला आहे, तो तुकडे धरून ठेवील असा भरंवसा नाहीं. काच कोणत्या जातीची हें ओळखणें एक, आणि ती आजही आपलें काम करील काय हें ओळखणें दुसरें. त्यानें त्या काचा काढून कापडांत गुंडाळून पेटींत ठेवल्या, त्यांवर कोणत्या जागेच्या त्या, हें लिहून ठेवलें आणि त्यांच्या जागीं नव्या बसविल्या.

यावर जुन्या वस्तूंच्या शोकिनांचा एक आक्षेप येतो, आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, मूळची काच काढली म्हणजे गाडीचें जुनेपण गेलें. १९२८ पूर्वींच्या गाडीला तर साधी काच हीच मूळची काच. ती काढणें म्हणजे इतिहास पुसणें नव्हे काय? माझें उत्तर असें. संग्रहालयांत उभी राहणारी गाडी असेल तर मूळची साधी काच अवश्य ठेवावी आणि खालीं तसें लिहावें. पण जी गाडी रस्त्यावर येणार आणि जींत माणसें बसणार, ती गाडी केवळ साधन राहत नाहीं. ती वाहन होते. तिला वाहनाचा नियम लागू. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील शंभराव्या नियमानें गाड्यांच्या काचा सुरक्षित जातीच्याच असाव्यात असें ठरविलें, आणि पुढें बनणाऱ्या गाड्यांची समोरची काच थरांचीच हवी असें बंधन घातलें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठीं वेगळे नियम केले. त्यांना नांवनिशींत व्हीए हीं अक्षरें मिळतात, आणि त्या प्रदर्शन, मेळावा, संशोधन अशा कामांपुरत्या रस्त्यावर आणतां येतात. गाडीची चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, हा त्या नियमांचा रोख आहे. साध्या काचेच्या जागीं थरांची काच बसविण्यानें त्या जुनेपणास बाध येतो असें मला वाटत नाहीं. नवी काच घेतांना मात्र तिच्या कोपऱ्यांत भारतीय मानक संस्थेची खूण आणि २५५३ हा आंकडा पाहून घ्यावा; त्या मानकाचा दुसरा भाग रस्त्यावरील वाहनांच्या काचेविषयींच आहे.

मूळची काच टाकूनही देऊं नये. ती कागदांत गुंडाळून, गाडीच्या कागदपत्रांबरोबर, कोणत्या दिवशीं कोणत्या कारणानें काढली हें लिहून ठेवावी. आपल्या जुन्या घरांतून वस्तु राहतात आणि टिपण राहत नाहीं, हें आपलें दुर्दैव. पुढल्या पिढींतला कोणी जिज्ञासु ती पेटी उघडील, तेव्हां पिवळ्या कडेवरून तो काळ वाचील, मुद्रेवरून कारखाना ओळखील, आणि टिपणावरून आपल्या शहाणपणाची परीक्षा करील. गाडी मुंबईच्या शिवडींत जुळली असो कीं परदेशांत, तिच्या काचेनें जें पाहिलें तें आपणांस सांगण्याची शक्ति तिच्यांत आहे. विचारणारा मात्र पाहिजे.

श्रोतेहो, आपल्या किंवा आप्तांच्या घरीं अशी जुनी मोटार असेल तर येत्या सुटीच्या दिवशीं एक ओलें फडकें, एक भिंग आणि एक पोलराइड गॉगल घेऊन तिच्याजवळ जा. आधीं मुद्रा, मग कड, मग प्रकाश, हा क्रम सोडूं नका. तिन्हीं कसोट्यांस काच उतरली नाहीं, तर ती बदलेपर्यंत त्या गाडींत कोणास बसवूं नका, विशेषतः पुढच्या बैठकीवर मुलांस.